ग्योताकु : माशाचा ठसा आणि रंगाची साक्ष

शिलालेखाचा ठसा कसा घेतात हे मी पुण्यात एम. ए. करत असताना शिकले. आधी दगड पाण्याने आणि ब्रशने स्वच्छ धुवायचा. खाचांत बसलेला चुना, शेंदूर, शेवाळ काढायचे. मग ओला कागद दगडावर अंथरायचा आणि दाट केसांच्या ब्रशने ठोकत ठोकत अक्षरांच्या खोलगटात बसवायचा. कागद अर्धवट वाळला की कापडात कापूस बांधून केलेली पुरचुंडी शाईत टेकवून, हलक्या हाताने वरून फिरवायची. उंच भाग काळा होतो, कोरलेली अक्षरे पांढरी राहतात. आमच्या सरांचा एक दंडक होता. ठसा निघाल्यावर पुसट अक्षर पेन्सिलीने उजळायचे नाही. दगड जेवढे बोलला तेवढेच ठशात राहू द्या, तुमचे वाचन वेगळ्या कागदावर लिहा, असे ते सांगत. एकदा वर्गातल्या एकाने एका वीरगळाच्या ठशावर 'श्री' थोडी गडद केली, तर सरांनी तो ठसा बाजूला काढून ठेवला आणि आम्हां सगळ्यांना पुन्हा गावाला पाठवले. येण्याजाण्याचे मिळून सहा तास.

हे सगळे मी विसरले होते. पुढे नवऱ्याच्या नोकरीमुळे जपानच्या दक्षिण टोकाला, ओकिनावा बेटावर, ओन्ना नावाच्या गावात आम्ही राहायला गेलो. तिथे गावच्या सभागृहात एक वृद्ध गृहस्थ आठवड्यातून एकदा वर्ग घेत. भाषा शिकायची म्हणून मी जाऊन बसले. त्यांनी टेबलावर एक मासा ठेवला, त्यावर ओला कागद अंथरला, मऊ ब्रशने तो खवल्यांवर बसवला, आणि रेशमी कापडाची एक छोटी पुरचुंडी हातात घेतली. त्यांचा हात कागदावर ज्या पद्धतीने टेकत होता ती मला ओळखीची होती. अकरा वर्षांनी मला सर आठवले.

या कलेला ग्योताकु म्हणतात. 'ग्यो' म्हणजे मासा, 'ताकु' म्हणजे ठसा. शिलालेखाच्या ठशाला जपानीत 'ताकुहोन' म्हणतात, त्यातला 'ताकु' हाच. ठसे घेण्याची विद्या मूळची चीनची. ती तिथे दगडांवर हजाराहून अधिक वर्षे चालली. माशांवर ती आली जपानात, आणि तीही कला म्हणून नव्हे, तर पुरावा म्हणून.

आज उपलब्ध असलेल्या ठशांत सर्वांत जुना मानला जातो तो १८३९ सालचा. मासा आहे फुना, गोड्या पाण्यातला, आपल्या कटल्याच्या कुळातला. तो एदोत, म्हणजे आजच्या तोक्योत, किन्शिबोरी नावाच्या कालव्यावर गळाला लागला. ठसा मात्र जपला गेला उत्तरेकडे, त्सुरुओका शहरात. कारण हे शहर म्हणजे शोनाई संस्थानची राजधानी, आणि शोनाईच्या साकाई घराण्याने आपल्या सामुराईंना गळाने मासे धरण्याचे उत्तेजन दिले होते. शांततेच्या काळात तलवारी म्यानातच राहत. तेव्हा लांब बांबूच्या काठ्या खांद्यावर घेऊन, डोंगर ओलांडून समुद्रापर्यंत चालत जाणे, खडकांवर ताटकळत बसणे, हे शरीराचे आणि मनाचे शिक्षण समजले जाई. मोठा मासा मिळाला तर तो दाखवायचा कसा? खाल्ला की संपला, ठेवला की कुजला. म्हणून त्याच्या अंगाला काजळीची शाई लावून त्यावर कागद दाबायचा.

आजही हौशी गळकरी ठसा घेतात तेव्हा माशाच्या बाजूला काही ओळी लिहितात. माशाचे नाव, लांबी, वजन, तारीख, जागा, धरणाऱ्याचे नाव. आणि त्याखाली आणखी एक नाव असते: साक्षीदाराचे. हा मासा मी माझ्या डोळ्यांनी पाहिला, असे म्हणणाऱ्या माणसाचे. मासेमाऱ्यांच्या गप्पांवर जगात कुठेच कोणी विश्वास ठेवत नाही. जपान्यांनी त्यावर कागदोपत्री उपाय काढला इतकेच.

ठसा घेण्याच्या पद्धती दोन. पहिली थेट. माशाला शाई लावा, कागद दाबा, उचला. सोपी आणि जोरकस, पण तिच्यात प्रतिमा आरशासारखी उलटते. एरवी त्याने बिघडत नाही. चपट्या माशांत मात्र गंमत होते. आपल्या लेपासारखे दोन मासे जपानात घरोघरी माहीत आहेत. डोळे डावीकडे असले तर हिरामे, उजवीकडे असले तर कारेई, हे तिथे शाळकरी मुलालाही पाठ असते. हिरामेचा थेट ठसा घ्या, कागदावर डोळे उजवीकडे दिसतात. म्हणजे खरा ठसा खोट्या माशाचा. थेट पद्धतीत डोळाही उमटत नाही, कारण तो ओला आणि मऊ असतो. ती जागा कोरी सोडून शेवटी ब्रशने डोळा काढतात. गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी शेवटी आणि सर्वांत अनुभवी हाताकडे असते. इथेही तसेच.

दुसरी पद्धत अप्रत्यक्ष. तीच मी त्या सभागृहात पाहिली आणि तीच शिलालेखाची. कागद किंवा रेशीम माशावर चिकटवायचे आणि रंग वरून, बाहेरच्या बाजूने टेकवत न्यायचा. प्रतिमा उलटत नाही, आणि शाई माशाला लागतच नाही. काम झाले की मासा थेट कढईत जाऊ शकतो. विसाव्या शतकात या पद्धतीतून रंगीत ग्योताकु वाढली. कोयो इनादा यांनी आणि त्यांच्याभोवती जमलेल्या मंडळींनी तिला स्वतंत्र कलेचा दर्जा मिळवून दिला. तोक्यो विद्यापीठातले मत्स्यशास्त्रज्ञ योशिओ हियामा यांचे ग्योताकुवरचे इंग्रजी पुस्तक १९६४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाले, आणि तिथल्या चित्रकारांनाही या कलेची ओळख झाली. कलेच्या इतिहासात हे शास्त्रज्ञाचे नाव मला महत्त्वाचे वाटते. कारण रंग आल्याबरोबर एक अडचण आली, आणि ती शास्त्राचीच अडचण होती.

काळ्या ठशात माशाने स्वतःची साक्ष दिलेली असते. खवल्यांच्या ओळी किती, परांचे काटे किती, शेपटी कशी कापलेली, हे सारे त्याच्या अंगाने कागदाला सांगितलेले. (थोडी अतिशयोक्ती त्यातही आहे. गोलाईवर बसलेला कागद सपाट केला की मासा खऱ्याहून थोडा रुंद दिसतो. गळकऱ्यांची त्याबद्दल तक्रार नसते.) पण रंग माशाच्या अंगातून कागदावर येत नाही. तो माणूस लावतो. उत्तरेकडच्या करड्या-रुपेरी माशांत हे फारसे जाणवत नाही. ओकिनावाच्या प्रवाळांतल्या माशांत मात्र रंग हीच ओळख असते. पोपटमाशाच्या जातींचे काळे ठसे शेजारी ठेवले तर नवशिक्याला ते एकाच माशाचे वाटतील.

नाहा शहरातल्या माकिशी बाजारात गेलेल्या माणसाला हे रंग आठवतातच. खाली मासे विकत घ्यायचे आणि वरच्या मजल्यावर शिजवून घ्यायचे, अशी तिथली सोय. मी जायची तेव्हा जुनी इमारत होती. नवी २०२३ साली उघडली. बर्फावर निळे-हिरवे इराबुचा, म्हणजे पोपटमासे. ठिपकेदार मीबाई, म्हणजे आपला गोबरा. लाल आकाजिन, लालभडक आकामाची. कोकणात वाढलेल्या मला तांबोशीचा लाल माहीत होता, पण निळा मासा खायचा हे मनाला पटायला महिना लागला. शेवटी आईने पाठवलेली कोकमे घालून इराबुचाचे सार केले. मांस पांढरे, सौम्य, छान. निळेपणा सगळा कातडीत.

हा निळेपणा कशाचा असतो ते समजून घेण्यासारखे आहे. माशाच्या कातडीतले पिवळे आणि लाल रंग बहुधा रंगद्रव्यांचे असतात, आणि त्यांतली काही द्रव्ये तो अन्नातून मिळवतो. निळे रंगद्रव्य मात्र माशांत फार विरळा. मोराच्या पिसातही ते नसते. माशाच्या कातडीतल्या काही पेशींत ग्वानीनचे अतिशय पातळ स्फटिक थरावर थर रचलेले असतात. प्रकाश त्यांच्यावरून परततो तेव्हा थरांमधल्या अंतरानुसार त्यातला विशिष्ट रंग ठळक होतो. अंतर बदलले की रंग बदलतो. ओकिनावाच्या उथळ पाण्यात निळ्या डॅमसेल नावाचे बोटाएवढे मासे असतात. त्यांच्यात हे अंतर मज्जातंतूंच्या हुकमाने बदलते, असे जपानी संशोधकांनी दाखवले आहे. मासा मेल्यावर हुकूम देणारे कोणी उरत नाही. बाजारात बर्फावर दिसतो तो निळा म्हणजे विझत चाललेला निळा.

याचे टोकाचे उदाहरण गुरुकुन. ओकिनावाचा हा अधिकृत मासा. १९७२ साली, बेटे अमेरिकेकडून जपानकडे परत आली त्या वर्षी त्याची निवड झाली. वीतभर लांब, कडक तळला की डोक्या-काट्यासकट खाता येतो. मी माझा पहिला रंगीत ठसा त्याचाच घेतला. बाजारातून आणलेला मासा समोर ठेवून, त्याच्याशी ताडून पाहत, गुलाबी-लाल रंग भरला. सेन्सेईंनी (वर्गात त्यांना सगळे असेच म्हणत, मीही तेच म्हणते) ठसा हातात घेतला. खवले चांगले आले आहेत, म्हणाले. मग विचारले, हा कोणता गुरुकुन? मला प्रश्नच कळला नाही. त्यांनी मला पुढच्या रविवारी काचेच्या तळाच्या होडीतून न्यायला लावले. खाली शेकडो मासे एका थव्यात वळत होते, निळे-हिरवट, पाठीशी दोन बारीक पिवळ्या रेघा. तेच गुरुकुन. दिवसा पाण्यात निळा असलेला हा मासा वर काढला की लाल होतो. माझ्या ठशावर साक्षीदार म्हणून सही करायला त्यांनी नकार दिला. मी मेलेला मासा रंगवला होता. वर मी स्वतःला प्रामाणिक समजत होते, कारण समोर जे दिसले तेच लावले होते.

यावर आमचा वाद बरेच दिवस चालला. सरांच्या दंडकाप्रमाणे माझेच बरोबर होते: समोर जे आहे ते. सेन्सेईंचे म्हणणे, समोर जो होता तो मासा नव्हता, मासळी होती. मग मी आकामाचीचे काढले. तो दोनशे मीटरांहून खोल राहतो. लाल प्रकाश समुद्रात पहिल्या काही मीटरांतच शोषला जातो, म्हणजे त्याच्या घरी तो लाल दिसतच नाही. त्याचा खरा रंग कोणता? सेन्सेई हसले आणि म्हणाले, म्हणून तर साक्षीदाराची ओळ असते. तिथे कोणी, कुठे पाहिला ते लिहायचे. त्यांच्या जुन्या ठशांवर तसे लिहिलेले होतेही: 'रंग : पाण्यातला, आठवणीने'. तरुणपणी ते डुबकी मारून भाल्याने मासे मारत. फोटो ते वापरत नसत. बाजारातल्या दिव्याखालचा फोटो त्यांना बर्फावरच्या माशाइतकाच परका वाटे.

आता हात कसा चालतो ते थोडे सांगते, कारण साक्ष कुठे दिली जाते ते त्याशिवाय कळत नाही. इराबुचा घ्या. अंगावर बुळबुळीत थर भरपूर, तो मिठाने चोळून काढावा लागतो. राहिला तर कागद घसरतो. पण जास्त चोळले तर खवले उचकटतात. कल्ल्यांत आणि गुदद्वारात कापूस भरायचा, नाहीतर मध्येच पाणी झिरपून कागदावर डाग पडतो. पर पसरून टाचण्यांनी मातीवर रोवायचे. हे सर्वांत वेळखाऊ. मग कोझोचा, म्हणजे तुतीच्या कुळातल्या झुडपाच्या सालीपासून केलेला कागद पाण्याच्या फवाऱ्याने ओलसर करून अंगाच्या मध्यापासून कडेकडे बसवायचा. तोंडापाशी हमखास फाटतो, कारण पोपटमाशाचे दात जुळून चोच झालेली असते. हिनेच तो प्रवाळाच्या सांगाड्यावरचे शेवाळ खरवडतो, दगड चावतो आणि वाळू करून बाहेर टाकतो. मोठा मासा वर्षाला शेकडो किलो वाळू करतो. बेटांवरच्या पांढऱ्या किनाऱ्यांत त्याचा वाटा मोठा आहे.

कागद जवळजवळ वाळला की रंग. फिकटापासून गडदाकडे. आधी पोटाशी पिवळसर, मग खवल्यांच्या कडांवर गुलाबी, मग हिरवा, मग निळा, काळा अगदी शेवटी आणि अगदी थोडा. पुरचुंडीला रंग लागला की ती आधी दुसऱ्या कागदावर टेकवून जवळजवळ कोरडी करायची. इथे कसोटी लागते. कागदाखालच्या खवल्याची कड बोटांना लागते आणि रंग तिथेच बसतो. तोपर्यंत मासाच हात धरून चालवत असतो. पण या कडेवर हिरवा किती आणि निळा किती, हे तो सांगत नाही.

या ठशांचे महत्त्व शास्त्रज्ञांनीही ओळखले आहे. २०२० साली 'झूकीज' या नियतकालिकात जपानी संशोधकांचा एक अभ्यास आला. वस्तुसंग्रहालयांतल्या वगैरे जुन्या ठशांवरून कोणता मासा कुठे, कधी होता हे त्यांनी पडताळले. आज दुर्मीळ झालेल्या, काही ठिकाणांहून नाहीशाच झालेल्या जातींचे ठसे त्यात सापडले. होक्काइदोच्या नद्यांतला 'इतो' हा त्यांतला एक. गळकऱ्याने बढाईसाठी लिहिलेली तारीख आणि जागा शंभर वर्षांनी नोंद ठरली. प्रवाळांच्या बाबतीत ही गोष्ट मला जास्त लागते. १९९८ साली समुद्र तापला आणि ओकिनावाचे प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडून मेले. २०१६ साली इशिगाकी आणि इरिओमोते बेटांदरम्यानच्या सेकिसेई खाजणात सुमारे सत्तर टक्के प्रवाळ मेल्याचे जपानच्या पर्यावरण मंत्रालयाने जाहीर केले. सेन्सेईंची आठवण १९९८ च्या आधीची होती. त्यांचा निळा त्या पाण्यातला होता, ज्यात आता कोणाला जाता येणार नाही.

म्हणूनच पुढचे सांगायला जड जाते.

तिसऱ्या वर्षी त्यांनी एका मोठ्या इराबुचाचा ठसा घेतला. मासा मी माकिशीतून आणला होता. माझी जुनी सवय म्हणून वहीत मी बाजारातच नोंद केली होती. त्यांनी रंग भरला तेव्हा मला तो निळा फार वाटला. नुसता गडद नव्हे, वेगळाच. मी काही बोलले नाही. वयाने मोठे, गुरू, चाळीस वर्षे ते पाणी पाहिलेले. मी पाहिला होता तो बर्फावरचा मासा, आणि गुरुकुनच्या वेळी माझे नाक कापले गेलेच होते. त्यांनी साक्षीदाराच्या जागी माझी सही मागितली, देवनागरीत कर म्हणाले, छान दिसेल. मी केली.

पुढल्या वसंतात त्यांच्या दोन्ही डोळ्यांतला मोतीबिंदू काढला. डोळ्याचे भिंग वयाने पिवळट-तपकिरी होते आणि निळा प्रकाश अडवते. समोर मासा ठेवून रंग ताडून घेणाऱ्याला फारसा फरक पडत नाही, कारण मासा आणि रंग दोन्ही तो त्याच भिंगातून पाहतो. पण जो आठवणीने रंगवतो तो आठवणीतल्या निळ्याइतके दिसेपर्यंत रंग वाढवत राहतो. क्लोद मोने यांच्या उतारवयातल्या चित्रांच्या रंगांबद्दल याच अंगाने बरेच लिहिले गेले आहे. त्यांची शस्त्रक्रिया १९२३ साली झाली. सेन्सेईंनी हे काही वाचलेले नव्हते. पट्टी निघाल्यावर ते घरी आले, भिंतीवरचे ठसे पाहिले आणि मला फोन केला. गेल्या सात-आठ वर्षांतले सगळे इराबुचा त्यांनी जमिनीवर मांडले होते.

तू त्या दिवशी बाजारात होतीस, ते म्हणाले. कसा होता?

मी वही काढली. ठसे फाडून टाकतील अशी मला भीती होती, पण त्यांनी तसे काही केले नाही. एकेक ठसा उलटा करून मागच्या बाजूला ते लिहीत होते: 'रंग आठवणीने. डोळा शस्त्रक्रियेपूर्वीचा.' आणि खाली तारीख. माझी सही असलेला ठसा त्यांनी माझ्यापुढे सरकवला आणि पेन दिले. मी मागे मराठीत लिहिले: 'माकिशी, सकाळी साडेआठ. मेलेला, बर्फावर. अंग हिरवट, शेपटीकडे मोरपिशी. कागदावरचा निळा जास्त आहे. हे सही करतानाच जाणवले होते.'

त्यांनी ते वाचून दाखवायला सांगितले. मी जपानीत सांगू लागले. शेवटच्या वाक्यापाशी माझा आवाज बसला, पण त्यावर ते काही बोलले नाहीत. 'मोरपिशी'ला मला शब्द सापडेना. मोराच्या पिसाचा रंग, असे म्हटले. तो मी पाहिला आहे, ते म्हणाले. कोहामा बेटावर बाहेरून आणलेले मोर पळून रानात वाढले आहेत. मग त्यांनी एक कोरी बशी पुढे ओढली, तिच्यात थोडा हिरवा घेतला, निळ्याचा एक थेंब टाकला आणि बशी माझ्याकडे सरकवली. इतका का?

मी म्हटले, अजून थोडा हिरवा.